पोटातले बिनबुलाए पाहुणे आणि पळसाची पापडी

“केळी कमी खा रे, जंत होतील!” हा डायलॉग कुठे ऐकू येतो? चक्क जळगावात! ज्या जिल्ह्याच्या केळीला २०१६ साली जीआय टॅग मिळाला, तिथेच घरच्या केळीवर घरचाच आरोप.

माहीत आहे का, आरोपी बाइज्जत बरी आहे? जंत गोडातून होत नाहीत, ते मातीतल्या अंड्यांतून येतात. न धुतलेले हात, न धुतलेली भाजी, झाली एंट्री! अंकुशकृमीला तर तोंडाचीही गरज नाही. अनवाणी पायाच्या कातडीतून आत, मग रक्तातून फुफ्फुसात, तिथून घशात, गिळला की थेट आतड्यात. म्हणजे खरा आरोपी केळ्याची साल नसून पायात नसलेली चप्पल!

साइजचं बोलू. गोलकृमीची मादी ३५ सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे शाळेच्या फुटपट्टीपेक्षा लांब. रोजची अंडी? सुमारे दोन लाख. ओव्हरटाइम वेगळा.

आता बाहेर पडू. शिरपूरहून आग्रा रोडने मध्य प्रदेशाकडे निघालात की सीमेजवळ लागतं पळासनेर. नावातच पळस! फाल्गुनात सातपुड्याच्या उतारावर तो असा पेटतो की मोबाइल आपोआप खिशातून बाहेर येतो. पण फोटो काढणारे फुलांवरच थांबतात. जंतांचा कर्दनकाळ फुलात नाही, शेंगेत आहे. चपटी, तपकिरी, एका शेंगेत एकच बी. हीच पळसपापडी. (चहासोबत मागवू नका.)

या बीमधल्या एका द्रव्याचं नाव पॅलासोनिन. नावात पुन्हा आपला पळस! आणि खरी गंमत पुढे आहे. अंगावर फोड आणणारा एक भुंगा असतो, त्याच्या विषाचं नाव कँथॅरिडिन. पॅलासोनिन हा त्याच विषाचा अगदी सख्खा चुलतभाऊ, रचनेत जेमतेम एका मिथाइल गटाचा फरक! झाड आणि भुंगा, दोघांनी वेगवेगळ्या वाटेने जवळपास तीच रेसिपी काढली. म्हणूनच लिंबाच्या रसात वाटलेली पळसबी कातडीवर चुरचुरते. पळसाला पानं तीनच, पण भानगडी कितीतरी! तेव्हा घरच्या घरी चमचे मोजत बसू नका, प्रमाण चुकलं तर जंताआधी पोटच निषेध नोंदवेल.

बाळाच्या पाण्यात उकळायचं वावडिंग तर प्रत्येक आजीचं फेव्हरिट. माहीत आहे का, हे दिसतं इतकं मिऱ्यासारखं की मिऱ्यात भेसळ म्हणून खपतं? आणि वावडिंगात भेसळ होते ती त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या इतर फळांची. चोरावर मोर! आतला हीरो म्हणजे एम्बेलिन, नारिंगी रंगाचे स्फटिक. ट्विस्ट ऐका: पिंपळी आणि टाकणखारासोबत हेच वावडिंग जुन्या आयुर्वेदात गर्भनिरोधक म्हणूनही येतं. बाळाच्या वाटीतही तेच आणि बाळ नको म्हणूनही तेच!

चरकसंहितेत कृमी किती? वीस प्रकारचे. आणि उपचाराची सुरुवात कशी? जंतांना पार्टी देऊन! आदल्या संध्याकाळी रुग्णाला दूध, गूळ, दही, तीळ, मासे असे जंतांच्या आवडीचे पदार्थ खाऊ घालायचे. मंडळी जमली, खुशीत आली, की दुसऱ्या दिवशी औषध आणि जुलाब. सापळा, पण शाही! मग पुढचं काम आपल्याकडे एरंडेलाचं. (एरंडोलकरांनी हा विनोद आधी ऐकलेला असणार, सॉरी.)

कपिला मात्र दोन्ही कामं एकटीच उरकते. शेंद्री नावाच्या झाडाच्या फळावरची ही लाल भुकटी जंतांनाही मारते आणि जुलाबही आणते. रेशीम रंगवायलाही हीच. इंग्रजीत या झाडाला ‘मंकी फेस ट्री’ म्हणतात, कारण माकडं फळांवर तोंड घासून लाल होतात, असं म्हणे. फुकटात मेकअप!

क्विक क्विझ! किरमाणी ओवा हा ओवा आहे का? नाही. तो दवण्याच्या कुळातल्या एका झाडाच्या कळ्या. त्यातून निघणारं सँटोनिन एकेकाळी जंतांवरचं जगप्रसिद्ध औषध होतं. साइड इफेक्ट? जग पिवळं दिसायचं. सुवर्णनगरी जळगावात कुणाच्या लक्षातही आलं नसतं!

मग खुरासानी ओवा? तोही ओवा नाही. हा तर धोत्र्याच्या कुळातला, विषारी. लांबच बरा.

आणि आपला साधा, भज्यांतला ओवा? बसा सावरून. १९०९ साली अमेरिकेत रॉकफेलरच्या पैशांतून अंकुशकृमीविरुद्ध मोठी मोहीम निघाली. दक्षिणेतल्या राज्यांत लोकांना जे औषध दिलं जायचं ते थायमॉल. ओव्याचा तो वास येतो ना, तोच थायमॉल! त्या काळी ते काढायला हिंदुस्थानचा ओवा बोटीने जर्मनीला जायचा. डोस मात्र कडक, चुकला तर जिवावर बेतायचा. आता शाळेत १० फेब्रुवारीला मिळणारी अल्बेंडॅझोलची चघळायची गोळी त्यामानाने लाडोबाच!

शब्दांचंही एक घ्या. ‘किरमिजी’ रंगाचं मूळ आपल्या ‘कृमी’शी जोडलं जातं, कारण तो रंग किड्यांपासून निघायचा. इंग्रजांचा ‘क्रिमझन’ही त्याच घरातला. पुढच्या वेळी किरमिजी शालू घेताना दुकानदाराला हे सांगून भाव पाडून बघा.

२०१५ चं वैद्यकाचं नोबेल आठवतं? अर्धं मिळालं कृमींवरच्या अ‍ॅव्हरमेक्टिन या औषधाच्या शोधाला. उरलेलं अर्धं हिवतापावरच्या आर्टेमिसिनिनला, जे निघतं किरमाणी ओव्याच्या जातबहिणीतून. जंत आणि दवणा, एकाच स्टेजवर!

आणि एक फार जुना पेशंट? आल्प्सच्या बर्फात १९९१ साली सापडलेला गोठलेला माणूस, ओट्झी, वय सुमारे ५३०० वर्षं. आतड्यात व्हिपवर्म या जंताची अंडी, आणि सामानात बर्च झाडावरच्या बुरशीचे तुकडे. ते जंताचं औषध असावं, असा काही संशोधकांचा अंदाज आहे. बिचारा बर्फात निघाला तोही पोटातले पाहुणे आणि औषधाची पुडी सोबत घेऊनच!