पाण्याखालून सुरुंगपेरणी

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश गस्त चुकवून थेट शत्रूच्या बंदरांच्या तोंडाशी सुरुंग पेरता यावेत, यासाठी जर्मनीने खास पाणबुड्या बांधल्या.

● यूसी-१ वर्ग (१९१५) : १५ पाणबुड्या. सहा तिरक्या नळ्यांत १२ सुरुंग, टॉर्पेडो नाहीत.

● यूसी-२ वर्ग : ६४ पाणबुड्या. १८ सुरुंग, शिवाय टॉर्पेडो आणि तोफ.

● पद्धत : सुरुंग नांगरासह तळाशी जाई. काही वेळाने तो सुटून वर येई आणि दोराला बांधलेला, पृष्ठभागाखाली दबा धरून राही.

● मोठे बळी : ५ जून १९१६ रोजी ऑर्कनीजवळ यू-७५ या जर्मन पाणबुडीने पेरलेल्या सुरुंगावर ‘हॅम्पशायर’ ही क्रूझर बुडाली. तीत ब्रिटनचे युद्धमंत्री आणि भारताचे माजी सरसेनापती लॉर्ड किचनर मरण पावले. २१ नोव्हेंबर १९१६ रोजी एजियन समुद्रात यू-७३च्या सुरुंगाने ‘टायटॅनिक’चे भगिनी-जहाज ‘ब्रिटॅनिक’ बुडाले. ते तेव्हा रुग्णालय-जहाज होते. ३० जण दगावले.

● उलटलेले शस्त्र : मार्च १९१६मध्ये इटलीतील टारांटोजवळ यूसी-१२ स्वतःच्याच सुरुंगाने बुडाली.

● परिणाम : सुरुंग पेरणाऱ्या या पाणबुड्यांमुळे ब्रिटनला किनाऱ्यालगतचे जलमार्ग सतत झाडून काढावे लागले. या कामात मासेमारीचे ट्रॉलर आणि त्यांवरचे कोळीही जुंपले गेले. त्यांच्या धाडसाची नोंद युद्धेतिहासात ठळकपणे व्हायला हवी.