उभ्याने करायचा धंदा आणि पायांच्या फुगलेल्या शिरा

नळबाजारातील मटणाचे दुकान, भायखळ्याच्या बेकरीतील भट्टी, लालबागचे सलून, दादरच्या कापड दुकानातील काउंटर, गिरगावातील हॉटेलचा भटारखाना – या सर्व धंद्यांत एक गोष्ट समान आहे. माणूस सकाळपासून रात्रीपर्यंत उभा असतो. रात्री पाय जड होतात, पोटऱ्या दुखतात, घोट्याला सूज येते. काही वर्षांनी पोटरीवर निळ्या, वेड्यावाकड्या शिरा दिसू लागतात. आपले बरेच बांधव थकवा समजून तेल चोळतात आणि पुन्हा दुकानात उभे राहतात. परंतु हा नुसता थकवा नव्हे. डॉक्टर यास ‘व्हेरिकोज व्हेन्स’ म्हणतात. वेळीच इलाज झाला तर काम थोडे दिवसच बंद राहते. दुर्लक्ष झाले तर घोट्याजवळची जखम महिनोन्‌महिने रोजी बुडविते.

शिरा का फुगतात?

पायातील रक्त वर हृदयाकडे जावे लागते. चालताना पोटरीचे स्नायू पंपाप्रमाणे ते वर ढकलतात आणि शिरांमधील लहान झडपा त्यास खाली परतू देत नाहीत. माणूस एकाच जागी उभा राहिला की हा पंप थांबतो. झडपा निकामी झाल्या की रक्त खाली साचते व शीर फुगते. आनुवंशिकता, वय, लठ्ठपणा आणि स्त्रियांमध्ये गरोदरपण हीसुद्धा कारणे आहेत. मात्र तासन्‌तास उभे राहिल्याने त्रास वाढतो. पुढे घोट्याच्या आतील बाजूची कातडी काळी पडते, खाज सुटते आणि शेवटी व्रण होतो.

लेसरने काय होते?

जुन्या शस्त्रक्रियेत जांघेत छेद घेऊन बिघडलेली शीर बांधत व ओढून काढत. त्यानंतर बहुधा दोन-तीन आठवडे घरी बसावे लागे. शिरेच्या आत लेसर वापरण्याचा पहिला अहवाल स्पेनचे डॉक्टर कार्लोस बोने यांनी १९९९ मध्ये दिला. २००२ मध्ये अमेरिकेत या पद्धतीस मान्यता मिळाली.

यात मोठा छेद नसतो. सोनोग्राफीत पाहून सुईवाटे एक बारीक तंतू शिरेत सरकवितात. शिरेभोवती भूल देणारे पातळ द्रावण टोचतात. त्याने दुखणे कमी होते आणि आसपासचा भाग उष्णतेपासून वाचतो. मग लेसर सुरू करून तंतू हळूहळू मागे ओढतात. उष्णतेने शीर आतून आकसून बंद होते. रक्त खोलवरच्या निरोगी शिरांतून जाऊ लागते. एका पायास साधारण तासाभरात हे काम होते. रुग्ण त्याच दिवशी चालत घरी जातो. हलके काम काही दिवसांत करता येते. गोणी उचलण्यासारखे जड काम मात्र डॉक्टर सांगेपर्यंत टाळावे. सीझन किंवा ईदची गर्दी पाहून तारीख ठरविता येते, पण व्रण झाला असेल तर थांबू नये. ब्रिटनमधील ४५० रुग्णांच्या अभ्यासात (२०१८) शिरेवर लवकर उपचार केलेल्यांचे व्रण सरासरी ५६ दिवसांत, तर उशिरा केलेल्यांचे ८२ दिवसांत भरले.

काळे-निळे डाग, ओढल्यासारखे वाटणे, थोडी बधिरता हे त्रास काही काळ होऊ शकतात. खोल शिरेत गुठळी होणे क्वचित घडते. एका पायाची पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली किंवा धाप लागली तर ताबडतोब रुग्णालय गाठावे. काही वर्षांनी दुसरी शीर फुगूही शकते. तेव्हा ‘कायमचा इलाज’ अशा जाहिरातीवर विसंबू नये.

पैसे देण्यापूर्वी

प्रत्येक फुगलेल्या शिरेला लेसर लागत नाही. आधी उभे करून पायाची कलर डॉप्लर तपासणी झालीच पाहिजे. ती न करता तारीख देणाऱ्याकडून दुसऱ्या डॉक्टरकडे जावे. गरोदरपणात हा उपचार पुढे ढकलतात. खोल शिरेत गुठळी असेल तर आधी तज्ज्ञांचा सल्ला हवा. मधुमेहींनी घट्ट मोजे वापरण्यापूर्वी पायाच्या धमन्या तपासून घ्याव्यात. या मोज्यांवर वजू कसा करावा, हे आलिमांना विचारावे.

खर्चाचा अंदाज लेखी घ्या. त्यात एक पाय की दोन, डॉप्लर, भूलतज्ज्ञ, लेसरचा तंतू व मोजे धरले आहेत काय, हे पाहा. आरोग्य विमा असेल तर पॉलिसी वाचा; अनेक पॉलिसींत या आजारासाठी सुरुवातीची दोन वर्षे भरपाई मिळत नाही. परळचे के. ई. एम., मुंबई सेंट्रलचे नायर ही महापालिकेची व भायखळ्याचे जे. जे. हे सरकारी रुग्णालय आपल्या जवळ आहे. तेथील सर्जरी विभागात आधी दाखवावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, हे आरोग्यमित्रास विचारावे.

फुगलेली शीर फुटून रक्त वाहू लागले तर घाबरू नये. आडवे होऊन पाय उंच करावा, स्वच्छ कापडाने जागा घट्ट दाबून धरावी आणि डॉक्टरकडे जावे.

मालकांनी काय करावे?

केरळमध्ये कापड दुकानांतील विक्रेत्या स्त्रियांनी बसण्याच्या हक्कासाठी लढा दिला. २०१८ मध्ये तेथे आणि २०२१ मध्ये तामिळनाडूत दुकानातील नोकरांना बसण्याची सोय देणे कायद्याने बंधनकारक झाले. आपण कायद्याची वाट का पाहावी? नोकर हे आपले भाऊ आहेत आणि त्यांच्या शक्तीबाहेर ओझे टाकू नये, ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे. काउंटरमागे एक स्टूल ठेवा. तासातून एकदा पाच मिनिटे चालू द्या. नमाजसाठी मशिदीपर्यंत चालत जाण्यानेही पोटरीचा पंप चालतो. रात्री झोपताना पायाखाली उशी घ्यावी.

प्रत्येक आजाराचा इलाज अल्लाहने ठेवला आहे. तो शोधणे आपले काम आहे. तराजू आणि मशीन यांची निगा राखणाऱ्या दुकानदाराने ज्या पायांवर धंदा उभा आहे त्यांचीही निगा राखावी.