तपासणीचा जमाखर्च



रोग लवकर सापडला म्हणजे माणूस वाचतो, असे आपण सारेच धरून चालतो. परंतु ज्या स्त्रीला काहीच होत नाही, तिने केवळ वयाची पन्नाशी आली म्हणून स्तनांच्या कर्करोगासाठी क्ष-किरण तपासणी, म्हणजे मॅमोग्राफी, करून घ्यावी काय? या प्रश्नाची दोन्ही पारडी आज आम्ही आपणांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम जमेची बाजू. ब्रिटनमध्ये मायकेल मार्मट यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१२ साली सर्व पुरावा तपासला. पन्नाशीपासून वीस वर्षे १०,००० स्त्रियांना तपासणीस बोलावीत गेले, तर या रोगाचे ४३ मृत्यू टळतील, असा तिचा अंदाज आहे. त्रेचाळीस घरांतली आई वाचते. हा लाभ लहान नव्हे.

आता खर्चाची बाजू. त्याच १०,००० पैकी १२९ जणींना असा कर्करोग सापडेल, की जो एरवी त्यांच्या हयातीत कधी जाणवलाही नसता. काही कर्करोग फार सावकाश वाढतात. परंतु त्यांतला निरुपद्रवी कोणता आणि घातक कोणता, हे आरंभी खात्रीने ओळखता येत नाही. म्हणून शस्त्रक्रिया व किरणोपचार यांचे भोग त्यांच्याही वाट्याला येतात. शिवाय चित्रात संशय येऊन पुन्हा बोलावणे येते, सुईने तुकडा काढतात, आणि अखेर काहीच निघत नाही. तोवरच्या रात्री मात्र जागून काढलेल्या असतात. तरुण वयात स्तन अधिक घन असल्याने चित्र नीट वाचता येत नाही, आणि रोगही विरळ असतो.

आपल्याकडचा दाखला मुंबईचा आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांवर प्रयोग केला. तेथे यंत्र नव्हते; शिकवून तयार केलेल्या सेविका हाताने तपासणी करीत. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत पन्नाशीपुढच्या स्त्रियांतील मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटलेले दिसले. त्याखालच्या वयात तसा लाभ दिसला नाही.

मग करावे काय? आई किंवा बहिणीला हा रोग झालेला असेल, तर हिशेब बदलतो. तो डॉक्टरांपाशी बसून करावा. इतरांनी दोन्ही आकडे ऐकून आपला निर्णय आपण घ्यावा. तपासणी करणारी भित्री नव्हे, न करणारी बेफिकीर नव्हे.

परंतु एक गोष्ट या तराजूत घालूच नये. हाताला गाठ लागली, कातडी आत ओढली गेली किंवा बोंडातून रक्त आले, तर तो चाळणी तपासणीचा प्रश्नच उरत नाही. तेथे लाज आणि घरकाम बाजूला ठेवून त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे गेले पाहिजे.