विश्लेषण : थकलेल्या डॉक्टर-परिचारिकांना चित्र कसे सावरते?

सलग ड्युटी, भरलेले वॉर्ड, नातेवाईकांचा रोष आणि वरिष्ठांची बोलणी. यातून येणारी थकावट एका रात्रीच्या झोपेने जात नाही. ती हलकी करण्यासाठी अमेरिका आणि ब्रिटनमधील काही रुग्णालये व वैद्यकीय महाविद्यालयांनी चित्रकलेचा आधार घेतला आहे. हा प्रयोग काय आहे, त्यामागे पुरावा किती आणि तो आपल्याकडे रुजेल का, याविषयी…

‘बर्नआउट’ म्हणजे साधा थकवा नव्हे?

नव्हे. हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये हा शब्द या अर्थाने रूढ केला, तो न्यूयॉर्कमधील मोफत दवाखान्यात राबणाऱ्या स्वयंसेवकांकडे पाहून. पुढे क्रिस्टिना मॅस्लॅक यांनी तो मोजण्याची प्रश्नावली तयार केली आणि ती आजही वापरली जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘आयसीडी-११’ या वर्गीकरणात बर्नआउटची नोंद आजार म्हणून नाही, तर कामाशी निगडित अवस्था म्हणून आहे. त्याची लक्षणे तीन : शक्ती संपल्याची भावना, कामाविषयी तुटलेपण किंवा कडवटपणा आणि आपल्या हातून काही धड होत नाही असे वाटणे. यातले दुसरे लक्षण रुग्णालयात सर्वांत घातक. तिथे माणूस हळूहळू ‘तेरा नंबरची खाट’ होऊन जातो आणि असे बोलणाऱ्यालाही त्यात काही खटकत नाही.

नुसते चित्र पाहून काय साधते?

न्यूयॉर्कच्या ‘म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट’चे शिक्षण विभागप्रमुख राहिलेले फिलिप येनावाइन आणि मानसशास्त्रज्ञ ॲबिगेल हाउसन यांनी चित्र पाहण्याची एक पद्धत घडवली. आठ-दहा जण एका चित्रासमोर पंधरा-वीस मिनिटे थांबतात. संवादक तीनच प्रश्न विचारतो. चित्रात काय चालले आहे? असे तुम्हाला कशावरून वाटले? आणखी काय दिसते? चित्रकार कोण, शैली कोणती हे सांगण्याची घाई कोणी करत नाही.

सावळाराम हळदणकरांचे ‘ग्लो ऑफ होप’ हे जलरंगातील चित्र घ्या. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील या चित्रावर अनेक जण अजूनही राजा रविवर्म्याचे नाव घालतात. हातात दिवा घेतलेली स्त्री दुसऱ्या हाताने ज्योत झाकते आहे आणि बोटांच्या फटींतून प्रकाश झिरपतो आहे. ती वाऱ्यापासून ज्योत जपते आहे की इतरांच्या डोळ्यांवर प्रकाश येऊ नये म्हणून आडोसा धरते आहे? झोपलेल्या वॉर्डातून टॉर्च घेऊन फिरणारी परिचारिका या प्रश्नाचे एक उत्तर देईल, तर शल्यचिकित्सक दुसरेच. दोन्ही उत्तरे ग्राह्य. रुग्णालयाच्या उतरंडीत अशी मुभा एरवी मिळत नाही. प्राध्यापकासमोर कनिष्ठ निवासी डॉक्टराने ‘मला वेगळे दिसते’ म्हणणे राउंडवर धाडसाचे असते. चित्रासमोर ते सहज घडते.

वैद्यकशिक्षणात याची सुरुवात मात्र थकवा घालवण्यासाठी झाली नाही. येल विद्यापीठात त्वचारोगतज्ज्ञ अर्विन ब्रेव्हरमन आणि कलादालनातील लिंडा फ्रिडलेंडर यांनी विद्यार्थ्यांना चित्रे दाखवली ती निरीक्षण सुधारावे म्हणून. ते सुधारल्याचा त्यांचा अभ्यास २००१ मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात आला. हार्वर्डमध्येही असा अभ्यासक्रम सुरू झाला. मानसिक ताणाकडे लक्ष वळले ते नंतर.

आणि चित्र काढल्याने?

ड्रेक्सेल विद्यापीठातील गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ३९ प्रौढांना ४५ मिनिटे माती, स्केचपेन, कोलाज अशा साहित्याशी हवे ते करू दिले. आधी व नंतर लाळेतील कॉर्टिसॉल, म्हणजे तणावाशी निगडित संप्रेरक, मोजले. सुमारे ७५ टक्के सहभागींमध्ये ते घटले. चित्रकलेचा सराव असलेले आणि नसलेले यांच्यात विशेष फरक दिसला नाही. ‘मला साधा आंबासुद्धा काढता येत नाही’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

हे सहभागी आरोग्य कर्मचारी म्हणून निवडलेले नव्हते. पण लंडनमध्ये कर्करोग व वेदनाशामक उपचार विभागांतील १८ डॉक्टरांसाठी सहा आठवड्यांची कला-उपचार सत्रे झाली आणि त्यांच्या भावनिक थकव्याचे प्रमाण उतरले. कोलोरॅडो विद्यापीठाने करोनाकाळात १२ आठवड्यांचा कार्यक्रम घेतला. आठवड्यातून एकदा दीड तास, चित्र, संगीत, नृत्य किंवा लेखन यांपैकी एका गटात. भाग न घेतलेल्या गटाशी तुलनाही केली. चिंता, नैराश्य व भावनिक थकवा या तिन्हींत उतार आढळला. ही सत्रे प्रशिक्षित कला-उपचारक घेतात. हा छंदवर्ग नसतो. मृत्यू पाहिलेल्या माणसाच्या कागदावर काय उमटेल आणि ते उमटल्यावर त्याला कसे सांभाळायचे, याची जाण लागते.

पुरावा पुरेसा आहे का?

आश्वासक आहे, भक्कम नाही. बहुतेक अभ्यास लहान आणि थोड्या आठवड्यांचे आहेत. सहभागी स्वेच्छेने येतात, म्हणजे ज्यांना कलेची ओढ आहे किंवा ज्यांना वेळ काढता येतो तेच. मोजमाप बहुतांशी त्यांच्या स्वतःच्या उत्तरांवर चालते. कैमल यांच्या प्रयोगात तुलनेचा गट नव्हता आणि उरलेल्या चतुर्थांश लोकांचे कॉर्टिसॉल घटले नाही, काहींचे वाढलेही. मथळ्यांमध्ये हा भाग सहसा गळतो.

मूळ दुखणे वेगळेच नाही का?

आहेच. निवासी डॉक्टरांची ड्युटी साधारणपणे सलग १२ तासांहून जास्त नसावी, आठवड्याला ४८ तास असावी, हे केंद्राने १९९२ मध्येच सांगितले. कामाच्या निकडीची पळवाट ठेवून. तीन दशकांनी, २०२४ मध्ये, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाने आठवड्याला ७४ तासांची कमाल मर्यादा आणि एक साप्ताहिक सुट्टी सुचवली. ४८ वरून ७४ वर येणे ही सुधारणा ठरावी, यातच परिस्थिती कळते. रिक्त पदे, डासांनी भरलेली वसतिगृहे आणि वॉर्डात होणारी मारहाण यांवर रंगपेटी हा उपाय नाही. प्रशासनाने तसा तो पुढे केला, तर कर्मचाऱ्यांना ती थट्टाच वाटेल. ‘तुम्ही थकलात, कारण तुम्हाला ताण हाताळता येत नाही’ असा संदेश त्यातून जातो आणि दोष पुन्हा थकलेल्याच्याच माथी येतो.

महाराष्ट्रात हे जमेल का?

खर्चाची अडचण मोठी नाही. एक चांगली छापील प्रत, एक रिकामी खोली आणि प्रशिक्षित संवादक एवढ्यावर पाहण्याचे सत्र होते. मुंबईत तर इतिहासही सोबतीला आहे. जमशेदजी जीजीभाई यांच्या देणगीतून १८४५ मध्ये रुग्णालय उभे राहिले आणि १८५७ मध्ये कलाशाळा. दोन्हींना ‘जेजे’च म्हणतात, पण दोन्हींचा एकमेकांशी संबंध क्वचितच येतो. भायखळ्याचे संग्रहालय उभारण्यासाठी झटलेले भाऊ दाजी लाड हे ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले डॉक्टर, आणि जेजे रुग्णालयापासून ते फार दूर नाही.

खरी अडचण वेळेची. सत्र ड्युटी संपल्यावर ठेवले तर ते आणखी एक ड्युटी होते. ते कामाच्या तासांत धरले आणि त्या वेळी वॉर्ड सांभाळायला माणूस दिला, तरच कोणी येईल. दुसरे, असे कार्यक्रम बहुधा डॉक्टरांपुरते आखले जातात. रुग्णाच्या सर्वाधिक जवळ असतात त्या परिचारिका आणि वॉर्डातले मामा-मावशी. शव गुंडाळून खाली नेणाऱ्या मामाला आज कसे वाटले, हे विचारण्याची सोय कोणत्याच नोंदवहीत नाही. चित्रासमोर पहिल्या रांगेत त्याची खुर्ची असायला हरकत नसावी.