पुठ्ठ्याचे नाणे

मुलांनो, दहा रुपयांची नोट म्हणजे शेवटी एक कागदच. तो खाता येत नाही की अंगावर पांघरता येत नाही. तरीही त्या कागदाच्या बदल्यात दुकानदार आपल्याला वही देतो. असे का होते, हे एका खेळातून चांगले कळते.

समजा, लोणावळ्याजवळील वलवण गावच्या शाळेत एका वर्गाने दर शनिवारी बाजार भरविण्याचे ठरविले. मुले चाळीस. कोणी करवंदे आणली, कोणी चिक्कीचे तुकडे, कोणी कागदी होड्या. पहिल्याच दिवशी घोटाळा होईल! करवंदेवालीला होडी हवी. पण होडीवाल्याला करवंदे नकोत, त्याला चिक्की हवी. मग कोणी म्हणेल, "चिक्कीच नाणे म्हणून चालवू या." पण मावळातील पावसाळी हवेत चिक्की लवकर नरम पडते, आणि धनी भुकेला असला तर नाणे पोटात जाते!

म्हणून गुरुजी पुठ्ठ्याच्या चकत्या कापतात, त्यांवर आपला शिक्का मारतात आणि प्रत्येकाला दहा-दहा देतात. एकूण चकत्या चारशे. दर आठवड्याला प्रत्येकाने एक चकती वर्गाच्या पेटीत टाकावयाची; वर्ग झाडणाऱ्यांना त्यांतून मोबदला मिळावयाचा. हा झाला कर. चिक्कीचा तुकडा दोन चकत्यांना मिळू लागतो आणि बाजार सुरळीत चालतो.

काही दिवसांनी मुले हट्ट धरतात, "गुरुजी, आणखी चकत्या द्या ना!" गुरुजी प्रत्येकाला पुन्हा दहा देतात. आता चकत्या आठशे झाल्या. चिक्कीचे तुकडे मात्र पूर्वीइतकेच. जो तो जास्त चकत्या पुढे करू लागतो. दोनाचे तीन होतात, तिनाचे चार. हीच महागाई. एका मुलीने काटकसरीने तीस चकत्या साठविल्या होत्या. त्यांत तिला पंधरा तुकडे मिळाले असते. आता तिच्याजवळ चाळीस चकत्या आहेत, पण तुकडे मिळतात दहाच! वलवणच्या तलावात पावसाळ्यात साठविलेले पाणी पुढे खोपोलीच्या वीजघराला पुरते. ते कोणी न काढताच कमी झाले तर कसे वाटेल, तसे तिला वाटले असेल.

आणि एखाद्याने घरीच पुठ्ठा कापून खोटा शिक्का मारला तर? असे आपल्या इतिहासात घडले आहे. देवगिरीला दौलताबाद हे नाव देऊन तेथे राजधानी नेणाऱ्या महंमद तुघलकाने सुमारे १३३० साली तांब्या-पितळेची नाणी काढली आणि ती चांदीच्या टंक्याच्या मोलाने घ्यावीत, असा हुकूम सोडला. त्यांतील काही दौलताबादच्या टांकसाळीतही पाडली गेली. कल्पना मुळीच वेडेपणाची नव्हती. परंतु त्या नाण्यांची नक्कल करणे फार सोपे होते. घरोघर नाणी पाडली जाऊ लागली आणि व्यापारी ती घेईनासे झाले. अखेर सुलतानाने तांबे परत घेऊन खजिन्यातून चांदी दिली. त्यात खोट्या नाण्यांनाही चांदी मिळाली, हे सांगावयास नको.

आज आपल्या देशात किती नोटा लागतील याचा अंदाज १ एप्रिल १९३५ रोजी सुरू झालेली रिझर्व्ह बँक बांधते. नाशिक रोडच्या सरकारी छापखान्यात १९२८ पासून नोटा छापल्या जात आहेत. घरी एखादी नोट उजेडासमोर धरून पाहा. पांढऱ्या भागात गांधीजींची पुसट आकृती उमटलेली दिसेल आणि कागदाच्या आत एक बारीक धागाही दिसेल.