उपचार परदेशात, खर्च कोणाच्या माथी?

मंडी हाउस चौकातून इंडिया गेटकडे जाणारा कोपर्निकस मार्ग महाराष्ट्रातून दिल्लीस जाणाऱ्यांना जुन्या महाराष्ट्र सदनामुळे परिचित असतो. दूरदर्शन भवन व कमानी सभागृहही याच मार्गावर आहेत. मात्र केंद्र सरकारच्या सेवेतील आणि सेवानिवृत्त कर्मचाऱ्यांच्या दृष्टीने या मार्गाचे महत्त्व वेगळ्या कारणासाठी आहे. केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाचे प्रधान न्यायपीठ येथे आहे. ज्येष्ठता, पदोन्नती, निवृत्तिवेतन यांबरोबरच वैद्यकीय खर्चाच्या प्रतिपूर्तीचे दावेही येथे चालतात. ज्याच्या नावाने हा मार्ग ओळखला जातो तो पोलिश खगोलशास्त्रज्ञ स्वतः वैद्यही होता आणि वैद्यक शिकण्यासाठी तो इटलीतील पादुआ विद्यापीठात गेला होता, हा योगायोग लक्षात राहण्याजोगा आहे.

उपचार कोठे घ्यावा हे रुग्ण ठरवितो. त्याचा खर्च देय आहे की नाही, हे दुसरेच कोणी ठरविते. या दोन निर्णयांमधील अंतर किती मोठे असू शकते, हे मणक्याच्या गादीच्या शस्त्रक्रियेच्या उदाहरणावरून चांगले समजते.

गादी, शस्त्रक्रिया आणि 'प्रायोगिक' हा शब्द

मानवी पाठीच्या कण्यात मणक्यांच्या मध्ये एकूण २३ गाद्या असतात. प्रत्येक गादीचे बाहेरील कडे चिवट तंतूंचे, तर आतील गर मऊ असतो. कडे फाटून गर बाहेर आला आणि त्याचा मज्जातंतूच्या मुळावर दाब पडला, म्हणजे कंबरेपासून पायापर्यंत कळ जाते. यालाच व्यवहारात 'गादी सरकणे' म्हणतात. मिक्स्टर व बार या अमेरिकी शल्यविशारदांनी १९३४ मध्ये हा संबंध स्पष्ट केला. बहुसंख्य रुग्ण काही आठवड्यांत शस्त्रक्रियेविना बरे होतात. उरलेल्यांपैकी काहींच्या बाबतीत बाहेर आलेला भाग काढणे पुरेसे ठरते. गादीच झिजून निकामी झाली असेल तर दोन मणके एकमेकांस कायमचे सांधणे हा जुना मार्ग, आणि गादीच्या जागी धातू व प्लास्टिकची कृत्रिम गादी बसविणे हा नवा मार्ग. सांधलेल्या मणक्यांची हालचाल थांबते व शेजारच्या गाद्यांवर ताण वाढतो. कृत्रिम गादीत हालचाल कायम राहते, असा तिच्या पुरस्कर्त्यांचा दावा.

अशी पहिली प्रसिद्ध गादी १९८० च्या दशकात पूर्व बर्लिनमधील शारिते रुग्णालयात विकसित झाली व तिला त्याच रुग्णालयाचे नाव मिळाले. युरोपात ती वापरात येऊन जवळपास दोन दशके लोटल्यावर, ऑक्टोबर २००४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तिला मान्यता दिली. मान्यता मिळाली, तरी पैसे मिळाले नाहीत. उपकरण विकण्यास परवानगी देणारी यंत्रणा एक आणि त्याचा खर्च देणारी दुसरी, ही बाब परीक्षार्थींनी नेमकी लक्षात घ्यावी. अमेरिकेतील अनेक विमा कंपन्यांनी ही शस्त्रक्रिया 'प्रायोगिक' ठरवून दावे नाकारले. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या मेडिकेअर या सरकारी योजनेने मे २००६ मध्ये साठ वर्षांवरील रुग्णांसाठी शारिते गादीचा खर्च देण्याचे नाकारले आणि ऑगस्ट २००७ मध्ये तोच नियम कंबरेच्या सर्व कृत्रिम गाद्यांना लागू केला.

विमा कंपन्यांची भूमिका सर्वस्वी अनाठायी नव्हती. मान्यतेसाठीच्या चाचणीत दोन वर्षांपर्यंतचेच निष्कर्ष होते, तर गादी मात्र चाळिशीतील रुग्णाच्या शरीरात पुढील तीस-चाळीस वर्षे राहावयाची होती. शारिते गादी पुढे वापरातून गेली, हेही नमूद केले पाहिजे. परंतु याच कंपन्या मणके सांधण्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च देत होत्या आणि केवळ कंबरदुखीसाठी त्या शस्त्रक्रियेच्या उपयुक्ततेबद्दलही तज्ज्ञांत मतभेद होते. जुन्या उपचाराला पुरावा मागितला जात नाही, नव्याला मागितला जातो. विम्याच्या व्यवहारातील ही विसंगती केवळ अमेरिकेपुरती नाही.

सेवाव्यापाराचा दुसरा प्रकार

ज्यांना आपल्या देशात खर्च मिळाला नाही अशा रुग्णांनी अन्य देशांची वाट धरली. कृत्रिम गादीचा दीर्घ अनुभव असलेली जर्मनी हे एक ठिकाण होते. कमी खर्चामुळे भारत हे दुसरे. केवळ मणक्याच्या रुग्णांनाच हे लागू होते असे नाही. विमा नसलेला उत्तर कॅरोलायनातील एक सुतार २००४ मध्ये हृदयाच्या झडपेच्या शस्त्रक्रियेसाठी दिल्लीच्या एस्कॉर्ट्स हृदय संस्थेत आला. अमेरिकेत सुमारे दोन लाख डॉलर खर्चाचा अंदाज होता. प्रवासासह दिल्लीत तो दहा हजार डॉलरच्या आसपास आटोपला. जून २००६ मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीने आरोग्यसेवेच्या जागतिकीकरणावर सुनावणी घेतली, तेव्हा हे उदाहरण तिच्यापुढे मांडण्यात आले. त्या वर्षी अमेरिकेत विमा नसलेल्यांची संख्या सुमारे ४.७ कोटी होती.

जागतिक व्यापार संघटनेच्या सेवाव्यापारविषयक सर्वसाधारण करारात (१९९५) सेवा पुरविण्याचे चार प्रकार सांगितले आहेत. ग्राहकाने दुसऱ्या देशात जाऊन सेवा घेणे हा त्यांपैकी दुसरा प्रकार होय. दिल्लीत शस्त्रक्रिया करवून घेणारा परदेशी रुग्ण म्हणजे भारताच्या दृष्टीने सेवेची निर्यात. २००२ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने ही बाब उघडपणे स्वीकारली आणि परकीय चलनात मोबदला घेऊन दिलेल्या अशा सेवेस 'मानीव निर्यात' समजून निर्यातीच्या सवलती देण्याचे सूचित केले. २००५ मध्ये स्वतंत्र वैद्यकीय व्हिसा सुरू झाला. वैद्यकीय कारणासाठी भारतात येणाऱ्या परदेशी व्यक्तींची संख्या २०१९ मध्ये सुमारे ७ लाख होती. महासाथीच्या २०२० या वर्षात ती १.८३ लाखांवर घसरली. यात सर्वांत मोठा वाटा अमेरिकेचा नव्हे, तर बांगलादेशाचा होता. म्हणजे विम्याने नाकारलेला पाश्चात्त्य रुग्ण हा या प्रवाहाचा गाजलेला भाग असला, तरी आपल्या देशात उपचारच उपलब्ध नसलेला शेजारी हाच त्याचा मोठा भाग आहे.

मणक्याच्या रुग्णाला या प्रवासात काही खास अडचणी येतात. शस्त्रक्रियेनंतर दीर्घ विमानप्रवासात पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. पुढील तपासणीसाठी शल्यविशारद हजारो मैल दूर असतो आणि गादी सरकली वा सैल झाली तर मायदेशीचा डॉक्टर दुसऱ्याने बसविलेल्या उपकरणाला हात लावण्यास कचरतो. निष्काळजीपणा झाल्यास दाद भारतातच मागावी लागते. वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या प्रकरणात स्पष्ट केले आहे.

भारतीय रुग्णाची बाजू

खर्च नाकारला जाण्याचा अनुभव भारतीयांनाही नवा नाही. १९८६ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या मेडिक्लेम प्रकारच्या पॉलिसींत काही ठरावीक आजारांसाठी प्रतीक्षा कालावधी असतो. २०२० मध्ये सर्व विमा कंपन्यांना सक्तीच्या केलेल्या 'आरोग्य संजीवनी' या प्रमाणित पॉलिसीत अपघाताने न झालेला गादीचा विकार अशाच यादीत आहे, आणि या पॉलिसीचे संरक्षण भारतातील उपचारांपुरतेच आहे. विमा कंपनीविरुद्ध गाऱ्हाणे असल्यास विमा लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते.

सरकारी कर्मचाऱ्याची स्थिती निराळी. त्याचा 'विमाकर्ता' शासनच असते. केंद्रीय सरकारी आरोग्य योजना १९५४ मध्ये दिल्लीत सुरू झाली. मान्यताप्राप्त रुग्णालयांची यादी आणि ठरवून दिलेले दर, या दोन खांबांवर ती उभी आहे. यादीबाहेरील रुग्णालय, किंवा थेट परदेश, असा प्रसंग आला की वाद उद्भवतो. त्याचे गाजलेले उदाहरण सुरजित सिंग विरुद्ध पंजाब राज्य (१९९६) हे होय. पंजाब पोलीस दलातील एक अधिकारी इंग्लंडमध्ये असताना हृदयविकाराने आजारी पडले आणि १९८८ मध्ये लंडनच्या खासगी रुग्णालयात त्यांच्यावर बायपास शस्त्रक्रिया झाली. प्रतिपूर्तीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आत्मरक्षण हा अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग आहे आणि जिवावर बेतलेल्या माणसाने वैद्यकीय मंडळाच्या परवानगीसाठी रांगेत उभे राहावे अशी अपेक्षा करता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. मात्र लंडनचा खर्च मान्य झाला नाही. दिल्लीच्या एस्कॉर्ट्सच्या दराने होणारी रक्कम मिळाली. पुढे २००४ मध्ये ज्या संस्थेचा दर अमेरिकी सुताराला स्वस्त वाटला, तिचाच दर येथे भारतीय अधिकाऱ्याच्या लंडनच्या बिलाचे माप ठरला.

पंजाब राज्य विरुद्ध राम लुभाया बग्गा (१९९८) या निर्णयाने दुसरी बाजू मांडली. राज्याची साधने मर्यादित असतात. म्हणून दर व सवलती यांची मर्यादा धोरणाने घालण्याचा राज्याला अधिकार आहे, असे न्यायालयाने ठरविले. याउलट शिवाकांत झा विरुद्ध भारत सरकार (२०१८) मध्ये, रुग्णालयाचे नाव यादीत नाही एवढ्याच कारणास्तव दावा फेटाळता येणार नाही. उपचार प्रत्यक्षात घेतला होता काय आणि तो कागदपत्रांनी सिद्ध होतो काय, हे पाहावे, असा निर्वाळा मिळाला. हे तिन्ही निर्णय एकत्र वाचले तरच विषय समजतो. दराला मर्यादा घालता येते. खऱ्या उपचाराला तांत्रिक कारणाने नकार देता येत नाही.

न्यायाधिकरणाची रचना

केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाचा घटनात्मक आधार अनुच्छेद ३२३-अ हा असून तो १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने आला. प्रशासकीय न्यायाधिकरण अधिनियम, १९८५ अन्वये १ नोव्हेंबर १९८५ पासून कामकाज सुरू झाले. सशस्त्र दलांतील व्यक्ती, संसदेच्या सचिवालयांचे कर्मचारी आणि सर्वोच्च न्यायालयाचे अधिकारी-कर्मचारी त्याच्या कक्षेबाहेर आहेत. दिवाणी प्रक्रिया संहितेचे बंधन त्यावर नाही. नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वांनी ते चालते. एल. चंद्रकुमार प्रकरणापासून (१९९७) त्याच्या निर्णयाविरुद्ध उच्च न्यायालयाच्या खंडपीठाकडे जाता येते. मुंबईतही त्याचे न्यायपीठ आहे. महाराष्ट्र शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी मात्र १९९१ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण आहे. उमेदवारांचा येथे नेहमी घोटाळा होतो.

गादीचा रुग्ण या व्यवस्थेपुढे येतो तेव्हा बहुधा एकाच प्रश्नावर प्रकरण अडते: शस्त्रक्रिया तातडीची होती की पूर्वनियोजित? गादीची बहुतेक दुखणी महिनोन्महिने चालणारी असतात, त्यामुळे पूर्वपरवानगी का घेतली नाही याचे उत्तर देणे कठीण जाते. परंतु सरकलेली गादी कण्याच्या खालच्या टोकाकडील मज्जातंतूंच्या जुडग्यावर दाबली गेली, लघवी अडली आणि पाय बधिर झाले, तर काही तासांचा विलंबही कायमचे अपंगत्व देऊ शकतो. त्या वेळी रुग्ण पुण्यात असो वा पॅरिसमध्ये, दाखल होतानाची नोंद, एमआरआय अहवाल आणि शल्यविशारदाचे तातडीविषयीचे प्रमाणपत्र यांवर सर्व काही अवलंबून राहते. खात्याने अंतिम नकार कळविल्यास त्या तारखेपासून एक वर्षाच्या आत न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. निवेदनावर सहा महिने उत्तरच आले नाही, तर ते सहा महिने संपल्यापासून ही एक वर्षाची मुदत मोजली जाते.