लेखासाठी कॅमेरा घेताना

अमेरिकेत उत्तर कॅरोलिनातल्या कॅरी गावात कोका बूथ अ‍ॅम्फिथिएटरच्या खुल्या रंगमंचावर दिवाळीचा सोहळा होतो. तिथल्या श्री वेंकटेश्वर मंदिराचे ८७ फुटी गोपुर २०२२ मध्ये पूर्ण झाले. अशा विषयांवर मंडळाच्या अंकासाठी लिहिणाऱ्याला बहुधा फोटोही स्वतःच काढावे लागतात आणि कोणता कॅमेरा घ्यावा, हा प्रश्न पडतो. जाहिराती मेगापिक्सेलचे आकडे पुढे करतात. छपाईला मात्र एवढ्या आकड्यांची गरज नसते. चांगल्या छपाईसाठी इंचाला ३०० पिक्सेल धरले, तर ए४ आकाराचे अख्खे पान भरायला सुमारे ८७ लाख पिक्सेल लागतात. १२ मेगापिक्सेलचा जुना कॅमेराही तेवढे सहज देतो. म्हणून पैसे खर्च करायचे ते कॅमेऱ्यापेक्षा लेन्सवर.

मग खिशातला फोन का नको, असे कुणीही विचारेल. उजेडातले गोपुर, फराळाचे ताट, समोर बसलेल्या माणसाचा चेहरा यांसाठी फोन उत्तम आहे. वेगळा कॅमेरा घ्यायची गरजच नाही. अडचण येते ती संध्याकाळी, दूरच्या रंगमंचापाशी. ४००० गुणिले ३००० पिक्सेलच्या फोटोवर चौपट डिजिटल झूम केला, की खरे पिक्सेल उरतात १००० गुणिले ७५०. छापल्यावर तो फोटो जेमतेम सव्वातीन इंच रुंद होतो. नव्या फोनमधली टेलिफोटो लेन्स ही उणीव काही अंशी भरून काढते. पण तिच्यामागचा सेन्सर इवलासा असल्यामुळे अंधारात नाचणाऱ्यांचे हात धूसर येतात. फ्लॅशही उपयोगाचा नाही, कारण अंतर दुप्पट झाले की त्याचा उजेड चौथ्या हिश्शावर येतो.

इथे मोठ्या छिद्राची लेन्स कामी येते. कॅमेऱ्यासोबत मिळणारी लेन्स झूम केल्यावर बहुधा एफ/५.६ वर अडते, एफ/१.८ ची लेन्स तिच्या जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. या लेन्सला झूम नसतो, हा आक्षेप खराच आहे. त्यासाठी आयोजकांना आधी सांगून रंगमंचाजवळची जागा मिळवावी लागते. पण ५० मिलिमीटरची अशी लेन्स स्वस्तातली असते आणि पुढे त्याच कंपनीचा, त्याच माउंटचा नवा कॅमेरा घेतला तरी चालते. तेव्हा वापरलेला, चांगल्या स्थितीतला कॅमेरा घ्या, उरलेले पैसे लेन्सला द्या आणि संपादकांना मूळ फाइलच पाठवा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेली फाइल आकसते आणि छपाईच्या कामाची राहत नाही.